थंयसून आलेलं विमान

मोपाच्या पठारावर विमानतळ सुरू झाला आणि हळर्णच्या त्या प्राथमिक शाळेतलं शिकवणं दिवसातून कितीदा तरी अर्ध्यावर थांबू लागलं. उतरायला आलेलं विमान डोंगरावरच्या काजूंना घासून येतंय की काय असं वाटे. कौलं थरथरत, आणि फळ्यासमोर उभ्या असलेल्या क्षमाला तोंडातलं वाक्य तोंडातच ठेवावं लागे. तोवर वर्ग रिकामा. सगळी मुलं जनेलाला चिकटलेली. खिडकीला त्या भागात जनेलच म्हणतात.

पहिले काही महिने क्षमा रागावली. मग तिने विचार केला, रोज डोक्यावरून जाणाऱ्या गोष्टीशी भांडत बसण्यापेक्षा तिलाच कामाला लावावं. तिने म्हापशाच्या बाजारातून एक चांगला मोठा पृथ्वीगोल आणला, फोनवर विमानांचा माग दाखवणारं ॲप घेतलं आणि विमानाचा तास सुरू केला. वर्ग तिसरी-चौथीचा, एकत्रच बसणारा. खेळ सोपा होता. आवाज आला की कुणीतरी ओरडायचं, "खंयचां?" म्हणजे कुठलं. मग अंदाज बांधायचे, ॲपवर खरं काय ते बघायचं, तो देश गोलावर शोधायचा आणि तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. तिथे आत्ता किती वाजले असतील, तिथली माणसं काय खातात, आणि तुमच्याएवढी मुलं तिथे आत्ता काय करत असतील.

मुलं त्या खेळात रंगून गेली. टॅक्सीवाल्याचा गौरेश जेवणाच्या सुट्टीत सांगायचा, "लंडनात आता भुरगीं दात घासतत." भुरगीं म्हणजे मुलं. सेजलने ठरवून टाकलं होतं की मस्कतमध्ये लोक उंड्याच्या पोटात, म्हणजे गोल पावात, खजूर भरून खातात. अबुधाबी, इंदूर, हैदराबाद, सगळी नावं त्यांच्या तोंडात शेजारच्या वाड्यांसारखी बसली. मुख्याध्यापक कृष्णनाथ सर म्हणाले, "परब टीचर, जग दाखवायला तुम्हाला सहलीची गरजच उरली नाही."

एकट्या सिद्धीचा आवाज त्या तासाला कुणी ऐकला नव्हता. तिचे वडील संदीप दोडामार्गकडचे. रस्त्याच्या कामावर टिपर चालवायला ते इकडे आले आणि कुटुंब भाड्याच्या खोलीत राहू लागलं. आई रेश्मा काजूच्या कारखान्यात जायची. सिद्धी जूनपासून वर्गात होती. सांगितलेलं सगळं करायची, पण बोलायची नाही. क्षमाने गोड बोलून पाहिलं, गाणी म्हणायला लावली, पुढच्या बाकावर आणून बसवलं. पोर नुसती बघत राहायची. क्षमाने मनाशी धरलं होतं, हे वर्ष संपायच्या आत हिला बोलती करायची.

ती बोलली नोव्हेंबरातल्या एका दुपारी.

मुलांची पावभाजी खाऊन झाली होती. सुमंगला, शाळेत जेवण घेऊन येणारी बाई, मागच्या नळावर पातेली घासत होती. आभाळ लख्ख. तेवढ्यात आवाज आला.

"आयलां!" म्हणत सेजल उठली आणि तिच्यामागून सगळी जनेलाकडे धावली. क्षमाने फोन काढला. एक विमान दूर समुद्रावर होतं, एक बेळगावच्या पलीकडे. डोक्यावर काही नव्हतं. आवाज मात्र वाढत होता. नेहमीच्या विमानाचा आवाज आभाळ फाडत एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूला जातो. हा तसा नव्हता. बंद दारामागे गिरण चालू असावी तसा तो खोल, एकसारखा घुमत होता, आणि कुठल्या दिशेने येतोय ते कळत नव्हतं. एरवी विमान शोधताना मुलांच्या माना इकडून तिकडे हलत. आज त्या सगळ्या एकाच जागी वळलेल्या होत्या.

"खंयचां?" गौरेशने रीतीप्रमाणे विचारलं.

"थंयचां," सिद्धी म्हणाली.

क्षमाला इतका आनंद झाला की ती आभाळ विसरूनच गेली. जवळ जाऊन तिने सिद्धीच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास! थंयचां म्हणजे कुठलं गं?"

"थंयसून येता तां," सिद्धी म्हणाली. तिथून येतं ते.

एवढ्या तेवढ्यावरून खिदळणारा तो वर्ग. त्या उत्तरावर एकही मूल हसलं नाही.

संध्याकाळी क्षमाने ही गोष्ट घरी सांगितली ती सिद्धी बोलली म्हणून. तिचा नवरा रुद्रेश मोपालाच सामान चढवण्या-उतरवण्याच्या विभागात होता. तो म्हणाला, "नेव्हीचं असणार. त्यांची सगळीच काय ॲपवर दिसत नाहीत." क्षमाला ते पटलं. तिला कारण लागायचं आणि ते मिळालं की तिचं समाधान व्हायचं.

पण ते दुसऱ्या दिवशीही आलं, आणि तिसऱ्या. दर वेळी जेवणानंतरच. ॲप कोरं, आभाळ कोरं, आणि रोज आवाज आदल्या दिवसापेक्षा थोडा खालून. रुद्रेशने दोन-चार दिवस लक्ष ठेवलं. "त्या वेळेला आमच्याकडे काहीच उतरत नाही, क्षमा. आम्ही तेव्हाच डबे उघडतो. वरूनही काही जात नाही."

"मग मी रोज ऐकते ते काय?"

"खडीच्या क्वारीतला क्रशर असेल. दुपारचा आवाज लांब जातो."

क्षमाने तेही मान्य केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी आवाज सुरू असतानाच कृष्णनाथ सर वर्गाच्या दारात आले आणि हाजरीबद्दल काहीतरी विचारू लागले, आणि ती सवयीने जरा मोठ्याने म्हणाली, "थांबा सर, हे जाऊ दे."

"काय जाऊ दे?"

"विमान."

सरांनी वर पाहिलं, मग तिच्याकडे. "कसलं विमान?"

क्षमाने बाकाच्या फळीवर हात ठेवला तर तळव्याला कंप जाणवत होता. ती मागच्या दारी गेली आणि सुमंगलेला विचारलं. सुमंगला नळ बंद करून कान देऊन उभी राहिली. "कावळो ओरडता," ती म्हणाली. "आणि काय नाय टीचर. कित्याक, कशाक इचारतात?"

क्षमा परत वर्गात आली. शाळेत तो आवाज फक्त मुलांना येत होता, आणि तिला.

इथेच तो तास बंद करायला हवा होता असं तिला पुढे अनेकदा वाटलं. पण सिद्धी आता रोज बोलत होती. एक शब्द का होईना, बोलत होती. शिवाय क्षमाचा स्वभाव असा की न कळलेली गोष्ट तिच्याने तशीच सोडवत नसे. तिने ठरवलं, बाकीच्या देशांसारखंच यालाही विचारायचं. मुलांची कल्पना असेल तर प्रत्येकाची उत्तरं वेगळी येतील.

तिने सिद्धीला व्हरांड्यात उभं केलं, गौरेशला ऑफिसात बसवलं, सेजलला मागे स्वयंपाकाच्या खोलीत. मग पृथ्वीगोल उचलून एकेकाकडे गेली.

"थंय आत्ता किती वाजले?" तिने सेजलला विचारलं.

"हंय वाजलेत तितकेच."

"लोक काय खातात?"

सेजलने थोडा विचार केला. "अजून खावंक नाय."

"आणि मुलं काय करतात?"

"वाट बघतत."

गौरेशने तीच उत्तरं दिली, त्याच शब्दांत. सिद्धीनेही. क्षमाने गोल सिद्धीपुढे धरला. "दाखव बघू कुठे ते."

सिद्धीने बोट पुढे केलं. ते गोलाला टेकलंच नाही. वीतभर अलीकडे, हवेत थांबलं.

"गोलावर दाखव, बाळा."

"गोलार नाय तां."

क्षमाने गोल हळूच फिरवला. आफ्रिका गेली, पॅसिफिक आला, अमेरिका आली. सिद्धीचं बोट होतं तिथेच राहिलं. ती ऑफिसात गेली, गोल गौरेशपुढे धरला. त्याचंही बोट वीतभर अलीकडेच थांबलं, त्याच उंचीवर. सेजलचंही. गोल कसाही फिरवला, तिरका केला, उलटा धरला, तरी बोटं हलली नाहीत. जग फिरत होतं. ती जागा त्याच्याबरोबर फिरत नव्हती.

त्या दुपारी आवाज आला तेव्हा तिने फोन जनेलाच्या कट्ट्यावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. हा शेवटचा पुरावा, मग रुद्रेश काय ते ठरवेल.

घरी चहाच्या वेळी दोघं ते ऐकायला बसली. विमानाचा आवाज त्यात नव्हता. कावळा होता, सुमंगलेच्या पातेल्यांची आदळआपट होती, पंख्याची कटकट होती. मुलांचा श्वास ऐकू येत होता, सगळ्यांचा एकदम आत, एकदम बाहेर. मग एक बाई बोलली. हळू, जवळून, दारात उभ्या असलेल्या कुणाशी बोलावं तशी.

"येवंदेत. जागो आसा."

येऊ देत. जागा आहे.

रुद्रेशने तिच्याकडे पाहिलं. "कोणाशी बोलत होतीस?"

आवाज क्षमाचा होता. पण वर्गात ती नेहमी पुस्तकी मराठीच बोलायची. आणि असं काही बोलल्याचं तिला अजिबात आठवत नव्हतं.

"पुसून टाक ते," ती म्हणाली. रुद्रेशने पुसलं. त्यानंतर त्याने क्रशरचं नाव काढलं नाही.

सकाळी तिने गोल कपाटात घालून कुलूप लावलं, ॲप काढून टाकलं. मुलांना सांगितलं, विमानाचा तास संपला, आता पाढे. कुणी हट्ट केला नाही. जेवण झाल्यावर तिने जनेलं लावून घेतली, दार लोटलं आणि वर्गाला मोठमोठ्याने पाढे म्हणायला लावले. मुलं घसा ताणून म्हणत होती. आवाज आला तो त्या पाढ्यांच्या खालून आला, फरशीतून. पाढे चुकले नाहीत की थांबले नाहीत. फक्त म्हणता म्हणता सगळ्यांचे चेहरे हळूहळू वर, कौलांकडे वळले.

शाळा सुटल्यावर ती सिद्धीच्या घरी गेली. रेश्मा नुकतीच कामावरून आली होती. काजूच्या चिकाने काळी पडलेली बोटं तिने पदराला पुसली आणि क्षमाला कदेल, म्हणजे खुर्ची, पुढे केली.

"सिद्धीला काही दिवस घरीच ठेवा," क्षमा म्हणाली.

"कित्याक टीचर? काय केलां तिना?"

"काही नाही केलं. तिला जरा... दुपारी ती घरी असते तेव्हा काय करते? रविवारी वगैरे?"

रेश्मा आवाज उतरवून म्हणाली, "जेवली की अंगणात जावन उबी रवता. वर तोंड करून. हाक मारली तरी वळणा नाय. मगे आपलीच येता नि झोपता." तिने दाराकडे पाहिलं. सिद्धी उंबऱ्यावर बसून केसांची रिबीन सोडवत होती. "तिच्या बापाशीक सांगलंय तर म्हणता, पोर नवी जागा बघता हा. तसांच आसात मगे?"

"तसंच असेल," क्षमा म्हणाली. "पण चार दिवस ठेवा. तुम्ही घरी राहा तिच्याजवळ."

रेश्माने मान डोलावली. कामाचे दिवस बुडणार होते, तरी तिने का म्हणून विचारलं नाही. बहुतेक तीही कुणीतरी हे सांगायची वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी सिद्धी आली नाही. क्षमाला जरा मोकळं वाटलं. सकाळभर वर्ग नेहमीसारखा होता. गौरेश आणि सेजल खोडरबरावरून भांडले तेही तिला बरं वाटलं. जेवण झालं. सुमंगला भांडी घेऊन मागे गेली. क्षमाने दार लावायला हात घातला आणि फाटकातून सिद्धी आत येताना दिसली.

ती एकटी होती. गणवेश नव्हता, घरचा फ्रॉक होता, पाय अनवाणी. पळत नव्हती. वेळेवर पोचणारं माणूस चालतं तशी चालत होती. तिच्यामागून बरीच लांब, पदर खोचून रेश्मा धावत येत होती.

सिद्धी व्हरांड्याच्या पायऱ्या चढून आत आली आणि आपल्या बाकावर बसली. क्षमा झटकन तिच्याशेजारी बसली आणि तिचा हात घट्ट धरला. हात कोरडा आणि गार होता, वातानुकूलित खोलीतून बाहेर आलेल्या माणसाचा असतो तसा.

मग आवाज सुरू झाला, आणि त्याबरोबर सावली आली.

विमानांच्या सावल्या क्षमाने पुष्कळ पाहिल्या होत्या. डोळा वळायच्या आत त्या निघून जातात. ही काजूंच्या बाजूने आली ती जमिनीवरून चादर ओढत आणावी तशी. कुंपणावरून उतरली, लाल मातीच्या अंगणात आली, झेंड्याचा खांब झाकला.

आणि थांबली.

वर आभाळ निळं होतं. त्यात एक घार फिरत होती.

रेश्मा अंगणाच्या मधोमध पोचली होती, त्या सावलीत. तिने वर पाहिलं नाही. नुसता पदर खांद्यावरून ओढून घेतला. "टीचर," ती धापा टाकत म्हणाली, "आज एकदम थंड पडलां मगे?"

सावलीची कड पहिल्या पायरीला लागली.

"कुणी जागचं हलायचं नाही," क्षमा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "कुणीही बाहेर जायचं नाही. ऐकलंत? मी कुणालाही कुठे जाऊ देणार नाही."

"आमी खंय जाणांव नाय, टीचर," सिद्धी म्हणाली. तिच्या बोलण्यात धीर देण्याचा सूर होता. "ते येतत."

"कोण?"

सिद्धीने तिच्याकडे पाहिलं. या प्रश्नाचं तिला खरंच नवल वाटलं असावं.

"तुमीच सांगलां मगे. जागो आसा म्हणान."

कड दुसऱ्या पायरीवर आली.

मुलं हलली. उठली नाहीत. प्रत्येक मूल बसल्या जागी, न बोलता, बाकावर थोडं बाजूला सरकलं. भरल्या गाडीत नवा माणूस चढला की सरकतात, तेवढंच.

सिद्धीही सरकली. तिच्या आणि क्षमाच्या मध्ये हातभर जागा झाली. क्षमाने हात सोडला नव्हता.

सावली दारात आली.

आवाज बंद झाला.

मग सगळी बाकं एकदम करकरली.

क्षमाच्या मांडीखालची फळी किंचित खाली गेली. वजन फार नव्हतं. एका मुलाएवढं. तिने पकडलेला सिद्धीचा हात आता कुणाच्या तरी मांडीवरून पलीकडे जात होता, आणि तिथे बघायचं नाही एवढंच तिला कळत होतं. ती समोरच्या फळ्याकडे बघत राहिली.

किती वेळ, ते तिला सांगता येणार नाही.

तिच्या हातातला हात हळूहळू ऊबदार झाला. मग मुलं पुन्हा बाकाच्या मधोमध सरकून बसली. अंगणात ऊन होतं. रेश्मा दारात उभी राहून लेकीला बघत होती.

"आई," सिद्धी म्हणाली, "मी इथेच थांबते. शाळा सुटल्यावर येईन."

त्या दिवसानंतर तो आवाज कधी आला नाही.

वर्ग बदलला तो चांगल्यासाठी, असं सगळेच म्हणाले. भांडणं संपली. अक्षर सुधारलं. सिद्धी आता भरपूर बोलायची, स्वच्छ, पुस्तकातली असावी तशी मराठी. आश्चर्य हे की गौरेशही तशीच बोलू लागला, सेजलही. तक्रार कशाची करायची? गौरेशच्या आईने मुद्दाम येऊन टीचरचे आभार मानले. कृष्णनाथ सरांनी भागशिक्षणाधिकाऱ्यांना हा वर्ग दाखवला. अधिकाऱ्यांनी जगाच्या नकाशावर विचारलेलं प्रत्येक ठिकाण मुलांनी न अडखळता दाखवलं, राजधान्या सांगितल्या, वारे आणि सागरी प्रवाह सांगितले. यातलं बरंचसं क्षमाने त्यांना शिकवलं नव्हतं. अधिकारी म्हणाले, "बाई, तुम्ही यांना जगाचे नागरिक केलंत."

क्षमाने एकदा धीर करून गौरेशला विचारलं, "ते दुपारी यायचं ते विमान आठवतं तुला?"

"कुठलं विमान, टीचर?" त्याने आदराने विचारलं. तेवढ्यात डोक्यावरून एक खरंखुरं विमान कौलं हादरवत गेलं. जनेलाकडे कुणी धावलं नाही. कुणी वरही पाहिलं नाही.

तिने स्वतःची समजूत घातली. मुलांना अंगात आल्यासारखं एखादं वेड लागतं, ओसरतं. आपणही त्यात वाहवलो. बाकाची फळी जुनी आहे. रुद्रेशही म्हणाला, झालं ते झालं. डिसेंबर लागला, थंडी पडली, गावात जत्रांचे दिवस आले, आणि क्षमाला पुन्हा नीट झोप लागू लागली.

अशाच एका सकाळी रेश्मा शाळेत आली. कामावर जाता जाता वाकडी वाट करून आली होती. क्षमाने तिला व्हरांड्यावरून ऑफिसात नेऊन बसवलं. सर आत हाजरी भरत होते.

"सिद्धी बरी आहे ना?" क्षमाने विचारलं.

"बरी म्हणजे, एकदम बरी," रेश्मा म्हणाली. "येळार जेवता. आपले केस आपण इंचरता. माका भांडी घासूक लागता. शेजारीण म्हणता, असां चेडू नशिबान मेळता." ती हसली, पण हसू तोंडावर फार वेळ टिकलं नाही. "एक इचारूक आयलंय. तुमी वर्गात देशांचा शिकयतात, त्यातलां काय आसात तर बघा. रोज झोपताना एकच इचारता माका."

"काय?"

रेश्माने लेकीच्या त्या पुस्तकी भाषेत, अडखळत, जसंच्या तसं सांगितलं. "'तुम्ही इथे किती दिवस आहात?'"

"आपण किती दिवस आहोत, असं म्हणत असेल."

"नाय, टीचर. मियां पयल्यांदा तसांच समाजलंय. म्हटलां, बापाशीचां काम आसा तवसर रवतलंव. तर म्हणता, 'आम्ही नाही. तुम्ही.'"

सरांचं पेन थांबलं नव्हतं. त्यांनी बहुतेक ऐकलं नसावं. क्षमा म्हणाली, "वर्गातलंच असेल काहीतरी. प्रवासी, पाहुणे, असं शिकवलं होतं." तिने असं काही शिकवलं नव्हतं. रेश्माला मात्र तेवढ्याने हायसं वाटलं. ती उठली. "येतंय मगे. गाडी चुकात."

तिला पोचवायला क्षमा व्हरांड्यात आली. वर्गाचं दार उघडं होतं. आत मुलं आपापल्या बाकांवर ताठ बसलेली होती, टीचर नसतानाही अगदी शांत, दाराकडे बघत.

मुलांच्या चपला नेहमीच्या जागी, भिंतीकडे तोंड करून होत्या. रेश्मा आपल्या शोधत होती. त्या खालच्या पायरीवर होत्या. त्यांच्या शेजारी क्षमाच्या होत्या आणि त्यापलीकडे सरांचे बूट. तिन्ही जोड कुणीतरी नीट जुळवून, धूळ पुसून, फाटकाकडे तोंड करून ठेवले होते.